चित्रांवर पोट भरायचं तर आधी मकरपुऱ्याला जाऊन ये

आलेला प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या फाइन आर्ट्समधून अप्लाइड आर्ट्स करून दोन वर्षं झाली. इन्स्टाग्रामवर चार हजार फॉलोअर्स आहेत. पाचशे रुपयांत पेन्सिल पोर्ट्रेट करून देते, महिन्याला सात-आठ होतात. आईबाबा बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागे लागलेत. "काका, बडोद्यात राहून चित्रांवर पोट भरेल का, की मुंबई गाठू?"

भरेल, आणि त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. पण पाचशेच्या पोर्ट्रेटवर भरणार नाही. सात-आठच्या जागी वीस केलीस तरी नाही, उलट मान आणि डोळे जातील. पोर्ट्रेट करून घेणारा माणूस हौसेचे पैसे खर्च करत असतो. पगार झाला, कुणाचा वाढदिवस आला, त्यातून उरले तर. घरी फ्रीज बिघडला की पहिली काट याच खर्चावर बसते. आता दुसरीकडे बघ. चित्र ही ज्यांची दरवर्षीची गरज आहे आणि त्यासाठी ज्यांच्या हिशोबात आधीच रक्कम धरलेली असते, अशी माणसं या शहराच्या चारी बाजूंना बसलेली आहेत. मकरपुरा, नंदेसरी, पोर, वाघोडिया, सावली, हालोल इथल्या कारखान्यांत. माझी बरीचशी कमाई याच रस्त्यांवरून आली आहे. ही मंडळी इन्स्टाग्रामवर चित्रकार शोधत नाहीत, त्यामुळे तुझे चार हजार फॉलोअर्स त्यांना माहीतही नाहीत.

तिकडे वळण्याआधी भावाचं बोलू, कारण पाचशे हा आकडा तू कुठून आणलास तेच मला कळलेलं नाही. बहुतेक दुसरं कुणीतरी पाचशेत करतं म्हणून. असा भाव ठरवू नकोस. घरखर्चाला महिना २५,००० हवेत असं धर. लॅपटॉपचा हप्ता, सॉफ्टवेअर, कागद, इंटरनेट, रिक्षा यांचे ७,०००. रिकाम्या महिन्यासाठी आणि करासाठी बाजूला ३,०००. झाले ३५,०००. महिन्यात पंचवीस दिवस बसलीस तरी दिवसाचे चारच तास बिलात लागतात. बाकीचे फोन, हेलपाटे, "बेन, जरा जोई लेजो ने" (ताई, जरा बघून घ्या ना) आणि वसुली यांत जातात. म्हणजे शंभर तास, तासाला ३५०. तुझ्या एका पोर्ट्रेटला बारा तास लागत असतील तर त्याची किंमत ४,२०० होते. तू ते पाचशेत देतेस, कुरियर आणि कागद धरून. ४,२०० ला गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणशील. कदाचित नाहीच मिळणार. मग बारा तास लागणारी वस्तू या बाजारात विकायचीच नाही, किंवा ती तीन तासांत कशी होईल ते बघायचं. शाईची रेघ आणि एकच सपाट रंग अशी शैली बसवलीस तर होईलही.

आता मकरपुऱ्याकडे. कारखान्यात चित्र कशाला लागतं? सर्वात आधी सेफ्टी पोस्टर. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून. त्या आठवड्यात कारखान्यांत शपथ होते, स्पर्धा होतात, भिंतीवर नवी पोस्टरं लागतात. बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेली धुरकट चित्रं असतात, ज्यांतले कामगार गोरेपान आणि सूचना इंग्रजीत. शॉप फ्लोअरवर मात्र बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, दाहोद-गोधऱ्याकडची कंत्राटी माणसं. सेफ्टी ऑफिसरला हे दिसत असतं. त्याला सुधारायचं असतं, पण हे काम कुणाला सांगायचं ते त्याला ठाऊक नसतं.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही, आणि म्हणूनच ते टिकतं. उंचीवर काम करणाऱ्या माणसाचं पोस्टर घे. कमरेला नुसता पट्टा बांधलेला माणूस काढलास की पहिल्याच नजरेला चित्र परत येईल. फुल बॉडी हार्नेस हवा, म्हणजे मांड्यांमधून आणि खांद्यांवरून जाणारे पट्टे, आणि दोरी जोडायची कडी पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध. दोऱ्या दोन, कारण एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना एक हुक काढला तरी दुसरा अडकलेला राहिला पाहिजे. हुक पायाशी नाही, डोक्याच्या वर अडकवायचा, म्हणजे पडलाच तर माणूस कमीत कमी खाली जातो. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावलेला. हे सगळं दहा-बारा फुटांवरून, पिवळट दिव्यात, चालता चालता कळायला हवं. आता लॉकआउट-टॅगआउटचं, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी मशीन कुणी चालू करू नये म्हणून स्विचला कुलूप आणि पाटी लावण्याचं, पोस्टर घे. मशीन दुरुस्त करताना चार माणसं आत असतील तर स्विचवर चार कुलपं लागतात आणि प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असते. एकच मोठं कुलूप काढलंस की चित्र चुकलं. एआयने काढलेल्या चित्रांत नेमके हेच घोटाळे होतात. हुक हवेत अडकलेला असतो, आणि त्या प्लांटमधला तो विशिष्ट व्हॉल्व्ह त्याने कधी पाहिलेला नसतो. तू जाऊन पाहू शकतेस. स्केचबुक घेऊन एक दिवस प्लांटमध्ये उभी राहा. तुमच्या फॅकल्टीत स्टेशनवर, मंडईत बसवून स्केचिंग करायला लावतात, ती सवय इथे रोख कामाला येते. मोबाईल मात्र गेटवर ठेवून घेतील. फोटोला मनाई असते, स्केचला बहुधा परवानगी मिळते, पण विचारून.

पोस्टरं झाली की त्याच दारातून बाकीची कामं येतात. मशीन कसं उघडायचं याच्या मॅन्युअलमधल्या रेघाचित्रांना छायाचित्रं चालत नाहीत, कारण फोटोत सगळंच दिसतं आणि हवा असतो एकच नट. औषध कंपन्यांना डॉक्टरांसमोर ठेवायच्या पत्रकांसाठी शरीराची चित्रं लागतात. नवीन कामगारासाठी अक्षराविना समजेल अशी पुस्तिका लागते. कॅन्टीनची भिंत असते. दिवाळीच्या गिफ्टवर घालायचं चित्र, बारा पानांचं कॅलेंडर. कला आणि कारखाना यांची गाठ बडोद्याला नवीन नाही. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हा चित्रकला, रंगाई आणि यंत्रकाम एकाच संस्थेत शिकवायला घेतलं होतं. दादासाहेब फाळके तिथलेच. तुमच्या फॅकल्टीत पुढे शिकवणारे के. जी. सुब्रमण्यन यांनी हातमाग मंडळात डिझाइनचं काम केलं, फाइन आर्ट्स फेअरसाठी खेळणी केली. इंदूरला वाढलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत आणि लाकडी खेळण्यांची डिझाइनं करत. तेव्हा "कमर्शियल काम केलं की हात बिघडतो" असं कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि सोड.

आत शिरायचं कसं? थेट एचआरला ईमेल पाठवलास तर तो तिथेच पडून राहील. माझ्या मते पहिली पायरी छापखानेवाला. ऑफसेटवाले, फ्लेक्सवाले, स्क्रीन प्रिंटिंगवाले यांच्याकडे ऑर्डर कंपनीची येते आणि चित्र करणारा माणूस त्यांच्याकडे नसतो. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक मुलगा कोरलड्रॉ उघडून जुनंच डिझाइन ताणत असतो. पाच-सहा नमुने, ए४ आकाराचे, हातात धरता येतील असे छापून घे आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास जा, सकाळी ते मशीनवर असतात. तिथे भाव कमी मिळेल, पण पैसे लवकर येतात. शिवाय चार रंगांच्या चार प्लेटा कशा लागतात, दोन रंगांत चित्र बसवलं तर गिऱ्हाईकाचे किती वाचतात, कमी प्रती असल्या की ऑफसेट परवडत नाही आणि डिजिटल का घ्यायचं, हे सगळं फुकट शिकायला मिळतं. पुढे कंपनीला "दोन प्लेटांत करून देते" असं सांगू शकलीस की परचेसवाला कान टवकारतो. एक पथ्य पाळ, छापखानेवाल्याची पार्टी त्याच्या पाठीमागे फोडायची नाही. बडोदं लहान आहे. कंपनी स्वतःहून आली तर त्याला सांगून घे, छपाई त्याच्याचकडे दे.

आणखी एक गोष्ट, जी कॉलेजात कुणी सांगत नाही. काम मागायचा महिना आणि काम दिसायचा महिना वेगळे असतात. मार्चच्या पोस्टरची बोलणी डिसेंबर-जानेवारीत होतात, फेब्रुवारीत तर फाइल छपाईला जायला हवी. गणपतीच्या सजावटीचं जून-जुलैत ठरतं. नवरात्रीच्या गरब्याचे पास, बॅनर, स्टेज हे पावसाळ्यात. दिवाळीच्या गिफ्टचं ऑगस्टमध्ये, कॅलेंडर-डायरीचं सप्टेंबरपासून. लग्नपत्रिका देवदिवाळीच्या आधी. नवरात्रीच्या आठवड्यात नवरात्रीचं काम मागायला जाणारे चित्रकार मी दरवर्षी पाहतो. भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लाव आणि प्रत्येक सणापासून तीन महिने मागे खूण कर.

आता कोटेशन. व्हॉट्सअॅपवर "सर ६००० होईल" एवढंच पाठवायचं नाही. एका पानावर लिही: सहा पोस्टरं, आकार अमुक, भाषा गुजराती आणि हिंदी, कच्चं रेखाटन एकदा दाखवणार, मंजुरीनंतर दोन दुरुस्त्या यात धरल्या आहेत, तिसऱ्या दुरुस्तीपासून प्रत्येकी इतके. फाइल छपाईयोग्य पीडीएफ मिळेल, मूळ फाइल नाही, ती हवी असल्यास वेगळी रक्कम. वापर फक्त या प्लांटमध्ये, तीन वर्षं. अर्धे पैसे कामाच्या आधी, उरलेले फाइल देताना. शेवटचं वाक्य ऐकून शेठ हसतील. हसू देत. कंपनी मोठी असेल तर अर्धे मिळणार नाहीत, तीस टक्क्यांवर ये. पण काहीच ॲडव्हान्स नसेल तर पेन्सिल उचलू नकोस.

"वापर" ही ओळ मुली-मुलांना सर्वात अनावश्यक वाटते आणि खरी मिळकत तिच्यातच असते. कायदा काय म्हणतो तेवढं ठेव लक्षात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक चित्रकार. पण कुणी मोबदला देऊन पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो करून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक तो करून घेणारा. म्हणजे गप्प राहिलीस की हक्क गेला. म्हणून लिहायचं. हक्क देऊन टाकायचा झाला तरी तो लेखी आणि सहीनिशीच दिला जातो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं धरलं जातं. एकाच प्लांटसाठी घेतलेली पोस्टरं कंपनीने हालोलच्या दुसऱ्या प्लांटलाही लावायची म्हटलं, तर ते नवं बिल आहे. नव्याने काढायचं काहीच नाही, तरी पैसे आहेत.

राजा रविवर्म्याची गोष्ट या शहराला पाठ आहे, पण तिचा हा भाग सहसा कुणी सांगत नाही. सयाजीरावांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी. ती लोकांना दाखवली तेव्हा बघायला गर्दी लोटली आणि प्रतींना मागणी आहे हे कळलं. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. मूळ चित्र एका राजाला, तेच चित्र हजारो घरांना, हा हिशोब त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळला होता. छापखाना चालवणं मात्र वेगळं काम. कर्ज झालं, आणि काही वर्षांतच तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकावा लागला. चित्रं छापण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले आणि ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या त्या छापील प्रती, पुढे कित्येक वर्षं खपत राहिले. म्हणून प्रिंट विकायच्या आहेत तर विक, पण पाचशे प्रती छापून पलंगाखाली ठेवू नकोस. वीस काढ, संपल्या की पुन्हा वीस.

वसुली. यावर मी सर्वात जास्त बोलू शकेन, पण कामाचं तेवढंच सांगतो. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी कर. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. पैसे मागणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नकोस. चित्र-डिझाइनची सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. नोंदणीचा क्रमांक बिलावर छाप. मग २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा तुझ्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. व्याज प्रत्यक्षात कुणी मागत नाही, पुढचं काम जाईल म्हणून. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आणखी एक नियम आहे: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःच विचारतात, "बेन, तमारुं केटलुं बाकी छे?" फोन करायचा तर सेफ्टी ऑफिसरला करू नकोस. तो बिचारा तुझा माणूस आहे, त्याच्या हातात चेकबुक नाही. अकाउंट्समधल्या माणसाचं नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेव.

टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच वळता केलेला आयकर, कापला म्हणून घाबरू नकोस. व्यावसायिक फी म्हणून धरलं तर दहा टक्के, कंत्राट म्हणून धरलं तर एक टक्का कापतात. रिटर्न भरलं की जास्तीचे परत येतात. वर्षाची सेवा वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असलं तरी. वस्तू परराज्यात विकायच्या झाल्या तर नियम निराळे आहेत, तेव्हा सीएला विचार.

फुकटचं काम हा आपल्या लोकांचा खास विषय. गणपती आले की मंडळाचे सेक्रेटरी दारात. "तू तर घरचीच, तुला काय, दहा मिनिटांचं काम." बॅकड्रॉप वीस फुटांचा असतो. नाही म्हणणं जमत नसेल तर असं कर: पूर्ण रकमेचं बिल दे, खाली लिही की ही रक्कम वर्गणी म्हणून माफ, आणि मंडळाकडून वर्गणीची पावती घे. अहवालात नाव येतं, बाबा खूश होतात, आणि पुढच्या वर्षी त्या कामाची किंमत किती ते कमिटीतल्या दहा जणांना माहीत असतं. त्या दहांतल्या एखाद्याचा वाघोडियाला कारखाना असतो. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांना ही युक्ती चालत नाही. तिथे आहेर समजून करून टाकायचं.

शिकवण्या घे, पण मोजून. एनआयडीसारख्या डिझाइन संस्थांच्या प्रवेश परीक्षांच्या पोर्टफोलिओची तयारी करून घेण्याला लहान मुलांच्या हॉबी क्लासपेक्षा कितीतरी चांगले पैसे आहेत, आणि तू ते सगळं नुकतंच करून आली आहेस. शनिवार-रविवार पुरे. रोज संध्याकाळी क्लास घेतलास तर दोन वर्षांनी तू क्लासवाली होशील. त्यात वाईट काही नाही, पण तू ते विचारलेलं नाहीस.

इन्स्टाग्राम बंद करू नकोस. तिथे तयार पोर्ट्रेटऐवजी हार्नेसवाल्या माणसाचं रेखाटन कसं चुकत चुकत बरोबर आलं ते टाक, कंपनीचं नाव न घेता. लाईक पडतील ते पडतील, पण छापखानेवाल्याच्या काउंटरवर उभं राहून दाखवायला ते उपयोगी.

राहता राहिली बँकेची परीक्षा. आईबाबांशी वाद घालू नकोस. फॉर्म भरला असेल तर देऊन ये. आणि ३५,००० चा तो हिशोब त्यांच्यासमोर मांड. बडोद्यातल्या मराठी घरांत नोकरीला जेवढा मान आहे तेवढा धंद्याला नाही, पण वहीत लिहिलेल्या आकड्यांना आहे. सहा महिन्यांत महिन्याची बिलं १५,००० च्या वर गेली नाहीत तर अर्धवेळ नोकरी बघेन, असं तूच सांग. कॅटलॉग करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत अर्धा दिवस बसलीस तरी हात चालू राहील. मुंबईत पहिली तीन-चार वर्षं खोलीभाडं कमावण्यातच जातात. इथे तुला खोली आहे, डबा आहे आणि अर्ध्या तासावर औद्योगिक वसाहत आहे.

कोटेशनचा नमुना लागला तर कळव, प्लांटचं नाव खोडून पाठवतो. मजकूर तसाच उतरवलास तरी चालेल. रकमा मात्र तुझ्या तू घाल, त्यातल्या माझ्या दुकानाच्या भाड्यावर बसवलेल्या आहेत.